पदवीतले ‘बाकीचे विषय’ कशासाठी? सोलापूरच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचा फॉर्म भरताना मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, रकान्यापाशी फारसं कुणी अडखळत नाही. अडखळतात ते त्याच्या खालच्या रकान्यांपाशी: ओई (दुसऱ्या शाखेतला विषय), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), सीसी (एनएसएस, खेळ, कला). मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत मदतीच्या टेबलावर बसतो. तिथे कानावर पडणारे प्रश्न आणि त्यांची शक्य तितकी सरळ उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही पालकांचे, आणि एक-दोन स्टाफरूममधले.

मला केमिस्ट्री शिकायची आहे. मग हे बाकीचे विषय माझ्या माथी का मारता?

बी.एस्सी. झालेला माणूस पुढे फक्त प्रयोगशाळेत राहत नाही. तो मत देतो, कर्जाच्या कागदावर सही करतो, वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांशी बोलतो, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलायचा की नाही ते ठरवतो, सोसायटीच्या सभेत उभा राहून आपलं म्हणणं मांडतो. या कामांना केमिस्ट्रीची थोडीफार मदत होते, पण ती पुरत नाही. एखादा मजकूर नीट वाचून त्यात काय म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही हे ओळखणं, चार ओळी मुद्देसूद लिहिणं, आकडा समोर आला की तो कशाचा आहे हे विचारणं, आपल्याहून वेगळ्या घरातल्या माणसाला जग कसं दिसत असेल याचा अंदाज बांधणं: हे सगळं शिकावं लागतं, आणि मेजरच्या तासाला त्यासाठी सवड नसते. सामायिक अभ्यासक्रमाचा हेतू एवढाच आहे. शाखा कुठलीही असो, प्रत्येक पदवीधराच्या हाती ही किमान शिदोरी असावी.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काही घरांत ही शिदोरी आयती मिळते. रोज दोन पेपर येतात, जेवताना राजकारणावर वाद होतात, मामा वकील असतो, मावशी डॉक्टर असते. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कुणाची आई विड्या वळते, कुणी मोहोळ किंवा अक्कलकोटकडून पहाटेची एसटी धरून येतं. घटना, अर्थव्यवस्था, विज्ञान, साहित्य यांवर निवांत बोलायची जागा त्यांना वर्गाबाहेर कुठे मिळणार? म्हणून कुणी ‘हे विषय काढून टाका, मुलांना फक्त नोकरीचं शिकवा’ असं म्हटलं की मला त्यात अन्याय दिसतो. ज्यांच्या घरी आहे त्यांचं काही बिघडणार नाही. ज्यांच्या घरी नाही, त्यांची एकुलती एक खिडकी बंद होईल.

या विषयांना पदवीत नेमकी किती जागा आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत. मेजरला ६०, मायनरला २४, कौशल्याच्या विषयांना ९. इतर शाखांतल्या विषयांना ९, भाषेला ८ आणि मूल्यवर्धनाच्या सामायिक विषयांना ६ ते ८. उरलेली २ ते ४ क्रेडिट इंटर्नशिपची.

म्हणजे आपण ज्यांना ‘बाकीचे’ म्हणतो ते २३ ते २५ क्रेडिट झाले. एक क्रेडिट म्हणजे वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास. तीन वर्षांत मिळून साडेतीनशे-पावणेचारशे तास. मेजरच्या निम्म्याहूनही कमी.

महाराष्ट्रात हीच विभागणी थोड्या वेगळ्या नावांनी होते: ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई, भाषेसाठी एईसी, मूल्यशिक्षणासाठी व्हीईसी, भारतीय ज्ञान परंपरेसाठी आयकेएस, आणि एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला यांसाठी सीसी. स्वायत्त महाविद्यालयं आणि विद्यापीठाचे विभाग यांत हे २०२३-२४ पासून आलं, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. कुठल्या सेमिस्टरला काय आणि किती, हे मात्र आपल्या महाविद्यालयाच्या रचनेच्या तक्त्यातच पाहा. मित्राच्या कॉलेजचा तक्ता तुमच्या कामाचा नाही.

हे परदेशातून उचललेलं खूळ आहे ना?

परदेशातला इतिहास आधी सांगतो, कारण तो ऐकण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्डने विद्यार्थ्यांना हवे ते विषय निवडायची जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली होती. त्याचा परिणाम असा, की एकाच विद्यापीठातून बाहेर पडलेल्या दोघांनी एकही गोष्ट सारखी वाचलेली नसावी. मग पहिलं महायुद्ध आलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युद्धकाळात विद्यार्थ्यांसाठी ‘हे युद्ध कशासाठी’ या प्रश्नाभोवती एक अभ्यासक्रम चालवला होता. युद्ध संपल्यावर तिथल्या अध्यापकांच्या मनात आलं की शांततेच्या काळातले प्रश्न काही कमी अवघड नाहीत. त्यातून १९१९ साली समकालीन संस्कृतीचा एक सामायिक अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला सक्तीचा झाला. तो आजही चालू आहे, छोट्या गटांत, मूळ ग्रंथ वाचून आणि त्यावर वाद घालून. पुढे दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, हार्वर्डच्या समितीनेही सामान्य शिक्षणावर मोठा अहवाल दिला. दोन्ही वेळा निमित्त युद्धाचंच होतं. उत्तम तंत्रज्ञान हाती असलेले सुशिक्षित देश एकमेकांना जाळायला निघाले, तेव्हा शिक्षणात काय राहून गेलं हा प्रश्न शिक्षकांना पडला.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाने, १९४८ मध्ये, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. झाकीर हुसेन आणि मेघनाद साहा यांच्यासारखी माणसं त्यात होती. मेघनाद साहा म्हणजे खगोलभौतिकीतले नावाजलेले शास्त्रज्ञ. त्या आयोगाने १९४९ च्या अहवालात सामान्य शिक्षणाची सविस्तर चर्चा केली, आणि लवकर होणाऱ्या अतिविशेषीकरणाचा धोका सांगितला. आयआयटीत इंजिनीअरिंगच्या मुलांना मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विषय पहिल्यापासून घ्यावे लागतात. २००९ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने विद्याशाखांमधल्या भिंतींवर पुन्हा बोट ठेवलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हा या रांगेतला अलीकडचा टप्पा. खूळ म्हणायला ही रांग फारच लांब आहे.

आमच्या वेळी हे नव्हतं. आमचं काय अडलं?

हा प्रश्न विचारणारे वडील साधारण पन्नाशीचे असतात आणि मी त्यांना आदरानेच उत्तर देतो. थोडंफार होतं. सक्तीचं इंग्रजी होतं, पुढे पर्यावरणाचा पेपर आला. पण मुद्दा वेगळा आहे.

सोलापूरने काय पाहिलं ते आठवा. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारं हे शहर. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. एका खात्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेले कारागीर होते, आपल्या कामात कुणाला हार न जाणारे. गिरण्या एकेक करत बंद पडल्या तेव्हा त्यांच्या हातातलं कसब खोटं ठरलं नव्हतं, पण ते दुसरीकडे नेता येईना. कुणी रिक्षा घेतली, कुणी मागावर गेलं, कुणी पुण्या-भिवंडीला. तुमचा मुलगा आज जे सॉफ्टवेअर शिकतोय ते त्याच्या चाळिशीपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार? नव्याने शिकायची तयारी, वाचून समजून घ्यायची सवय आणि लोकांशी बोलून काम काढण्याची हातोटी या गोष्टी एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत सोबत जातात.

मी कला शाखेची. आकडेवारीचा ओई मला जमेल का, आणि कशाला?

जमेल. दहावीचं गणित पुरतं. आणि कशाला, ते उजनी धरणावरून सांगतो, कारण वर्गात मी हाच तास घेतो.

उन्हाळ्यात सोलापुरात कुठल्याही टपरीवर बसा, ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ हे ऐकू येतं. पेपरात ठळक छापतात: उजनी उणे ५० टक्के. मी मुलांना विचारतो, धरणात उणे पाणी म्हणजे काय? एखादी बादली उणे अर्धी भरेल का? वर्ग हसतो, मग गप्प होतो. कारण वर्षानुवर्षं हे शब्द वापरूनही कुणी थांबून विचार केलेला नसतो.

मग फळ्यावर आकडे मांडतो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी हिशेबात न धरला जाणारा साठा, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे शून्य टक्के म्हणतात तेव्हा धरणात अजून ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं. उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातलं २६.८ टीएमसी उपसून झालं आणि ३७ टीएमसीच्या आसपास उरलं. पावसाळ्यात ‘उजनी १११ टक्के’ छापून येतं, तेव्हाही ते टक्के उपयुक्त साठ्याचेच असतात.

एवढं झालं की प्रश्न आपोआप सुरू होतात. मृतसाठा नाव असताना तो उपसतात कसा? उपसून कुणाला देतात? ऊस किती पितो आणि शहर किती? जिल्ह्यात इतके साखर कारखाने असताना शहराला मात्र काही दिवसांआड पाणी का? इतिहासाची मुलगी, राज्यशास्त्राचा मुलगा, मराठीची मुलगी, सगळे बोलतात. गणित म्हणून सुरू झालेला तास राज्यशास्त्रावर येऊन थांबतो. मला ओईकडून हेच हवं असतं. यातल्या कुणीही संख्याशास्त्रज्ञ व्हायची गरज नाही. पुढे कुठल्याही पुढाऱ्याने, कंपनीने किंवा बातमीने टक्के फेकले की ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न तोंडात आला पाहिजे.

मी इंजिनीअरिंगला. राज्यघटना आणि पर्यावरणाला तर क्रेडिटच नाही. मग का वाचू?

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात हे दोन विषय सक्तीचे पण बिनक्रेडिटचे होते, त्यामुळे ही समजूत पसरली. क्रेडिट नसलं की विषय बिनमहत्त्वाचा, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तुम्ही सोलापुरात टेक्स्टाइल किंवा मेकॅनिकल करत असाल तर टॉवेलच्या कारखान्यात जुने माग काढून बिनधोट्याचे वेगवान माग बसवायचा प्रस्ताव तुम्हीच कधीतरी लिहाल. त्या एका मशीनमागे किती कामगार कमी होतील, त्यांना कायद्याने काय देणं लागतं, रंगकामाचं पाणी कुठल्या ओढ्याला सोडणार आणि त्याची परवानगी कोण देतं, हे सगळं त्याच प्रस्तावात येतं. मालक हे प्रश्न विचारेल तेव्हा अवघडल्यासारखं होऊ नये.

डॉक्टर व्हायचंय. इतिहास-साहित्याशी माझा काय संबंध?

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक पाहिलंय का? रोज बाजूने जाणारी पुष्कळ मुलं ‘बाहेरून’ असं उत्तर देतात. आत जा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला आणि १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला. जपानच्या आक्रमणाखाली होरपळणाऱ्या त्या देशात तो चिनी भाषा शिकला, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला, तिथल्या शांती रुग्णालयाचा प्रमुख झाला. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारला. शस्त्रक्रिया तो मेडिकल कॉलेजात शिकला. पण आपला देश स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशाच्या दुःखाशी आपला संबंध आहे, हे त्याला कुठल्या विषयात शिकवलं असेल?

वैद्यकीय शिक्षणातही हे आता मान्य झालं आहे. २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग अभ्यासावा लागतो. सोलापूरच्या वॉर्डात उभं राहिलं तर त्याची गरज लगेच कळते. एक पेशंट तेलुगूत सांगतो, दुसरा कानडीत, तिसरी उर्दूत, आणि मंगळवेढ्याची आजी तिच्या मराठीत. ‘पोटात कसंतरी होतंय’ यातल्या ‘कसंतरी’मागे काय आहे ते ऐकून घेणं हाही निदानाचाच भाग आहे.

पर्यावरणाचा विषय सगळ्यांना सक्तीचा कुणी केला?

सर्वोच्च न्यायालयाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर द्यायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ मध्ये पुन्हा आदेश दिले, आणि पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला.

पण तो विषय मार्गदर्शिकेतून पाठ करून संपवला तर त्या आदेशांचं चीज झालं नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला जा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र इतकं मोठं धरलं की गावंच्या गावं त्यात आली. जमीन विकता येईना, रस्ता-विहिरीला परवानग्या लागू लागल्या, आणि पक्षी शेतकऱ्यांना शत्रू वाटू लागला. पुढे ते क्षेत्र पुष्कळ कमी करावं लागलं. माळढोक तरी वाचला का? तोही आता तिथे क्वचितच दिसतो. या एका प्रकरणात जीवशास्त्र आहे, जमिनीचा कायदा आहे, अर्थशास्त्र आहे आणि सरकार लोकांशी कसं बोलतं हेही आहे. एका शाखेच्या माणसाला ते उलगडणार नाही. सामायिक विषय एकत्र बसवून का शिकवायचे, याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यात सापडलेलं नाही.

भाषा बारावीपर्यंत शिकलोच की. पुन्हा एईसी कशाला?

बारावीपर्यंत भाषा मार्कांसाठी शिकलात. आता कामासाठी शिका: अर्ज, अहवाल, तक्रार, माहितीच्या अधिकाराचा प्रश्न, मुलाखत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात हिंदी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशी आपल्या शहराच्या पूर्वभागातल्या मुलांची दिनचर्या असते. चार भाषा कानावर असणं हे फार मोठं धन आहे. त्यातल्या एका तरी भाषेत दोन पानं सलग, विचाराचा धागा न सुटता लिहिता आली पाहिजेत. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आपण सगळे मिळून करतो, त्यांची वचनं कानडीत आहेत. मराठी मुलांनी ती अर्थासह एकदा ऐकावीत, कानडी मुलांनी ती मराठीत सांगून पाहावीत. एईसीच्या तासाला याहून चांगला स्वाध्याय कुठला?

आयकेएस म्हणजे धर्माचा विषय का? आम्ही त्या धर्माचे नाही.

नाही. तो भारतातल्या ज्ञानाचा विषय आहे: गणित, खगोल, भाषाशास्त्र, आरोग्य, वास्तू, शेती, पाणी, हस्तकला. कुठेही तो आरती किंवा अभिमानाचं भाषण म्हणून शिकवला जात असेल, तर तसं शिकवणं चूक आहे. पूर्वजांनी काय शोधलं ते पुराव्यानिशी सांगावं, जे चुकीचं होतं तेही तितकंच स्पष्ट सांगावं.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या. काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून ठेवायची आणि पुढे जवळपास पाऊस नसताना त्याच ओलीवर रब्बीचं पीक काढायचं. कधी पेरायचं, किती खोल पेरायचं, कोळपणी किती वेळा म्हणजे भेगा बुजून ओल टिकते, हे तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठरवलं. हे ज्ञान कुठल्या एका धर्माचं नाही. त्याची मृदाशास्त्राशी सांगड घालून शिकवली तर आयकेएसचे तास सार्थकी लागतील.

सगळ्यात सोपा, मार्क देणारा ओई कोणता?

टेबलावर सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. नाव सांगणार नाही. मार्कांची काळजी मी समजू शकतो, स्कॉलरशिप त्यावर अवलंबून असते. पण निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, तो कोण शिकवतं. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, ते खरं सांगतात. दुसरी, तो विषय तुमच्या मेजरपासून लांबचा आहे का. नियमही तेच सांगतो: ओई दुसऱ्या विद्याशाखेतला हवा. कॉमर्सच्या मुलाने खगोलशास्त्राची ओळख घ्यावी, फिजिक्सच्या मुलीने नाटक. तुम्ही ज्याला घाबरता तोच घ्या असं मी सांगेन, कारण नापास होण्याची भीती इथे मेजरपेक्षा कमी असते आणि अभ्यास पायापासून सुरू होतो.

नोकरीत याचा उपयोग काय?

सोलापूरच्या किती मुलांनी पुण्यात पेठेत कॉट घेतली, अभ्यासिकेची फी भरली, मेसचं खाल्लं, ते प्रत्येक गल्लीला माहीत आहे. तिथे जाऊन ती काय शिकतात? राज्यघटना, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, पर्यावरण, नीतिशास्त्र, निबंध. यूपीएससीच्या मुख्य लेखी परीक्षेत १७५० गुणांपैकी निबंधाला २५० आणि सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांना १००० गुण आहेत. ऐच्छिक विषयाला ५००. कॉलेजात ‘फालतू’ म्हणून टाळलेल्याच विषयांसाठी घरच्यांनी पुढे दोन-तीन वर्षं पैसे पाठवायचे, हे मला पाहवत नाही.

खासगी नोकरीबद्दल थोडक्यात. पहिली नोकरी बहुधा मेजरवर मिळते. त्यानंतरची बढती मात्र लिहिणं, बोलणं, माणसं सांभाळणं आणि दुसऱ्या खात्याची अडचण समजणं यांवर ठरते.

आता एआय सगळं सांगतं. मग वाचायचं कशाला?

एआय उत्तर ठामपणे देतं, बरोबर असो वा चूक. ते पारखायला आधी तुमच्याजवळ काहीतरी असावं लागतं. १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याआधीचे काही दिवस शहर इंग्रजांच्या ताब्यात नव्हतं, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. आता असा स्वाध्याय करा: त्या दिवसांबद्दल मशीनला विचारा, मग ग्रंथालयातलं एक पुस्तक काढा, मग चार हुतात्म्यांच्या पुतळ्याखालचा मजकूर वाचा. तिन्हींत काय जुळतं, काय जुळत नाही, ते लिहा. असा स्वाध्याय कुणी कॉपी करून आणू शकत नाही.

पण आमच्याकडे हे विषय नीट शिकवतच नाहीत. पर्याय एकच, आणि असाइनमेंट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते.

ही तक्रार खरी आहे आणि ती झाकून उपयोग नाही. पुष्कळ ठिकाणी ओईची टोपली कागदावर मोठी असते, प्रत्यक्षात ज्या विभागाचा वर्कलोड कमी पडतो त्याचाच विषय सगळ्यांना मिळतो. व्हीईसी ज्याचे तास उरलेत त्याच्या गळ्यात पडतं. दीडशे मुलांचा वर्ग, माईक नाही, आणि शेवटी दहा गुणांचे बहुपर्यायी प्रश्न. अशाने मुलं हे विषय दुय्यम मानू लागली तर दोष त्यांचा नाही.

माझ्या सहकाऱ्यांना मला सांगायचंय की सामायिक विषयाला महाविद्यालयातला सर्वांत चांगला शिक्षक द्या. पहिल्या वर्षाला द्या. लेखी कामाला दोन ओळींचा का होईना, शेरा द्या. विद्यार्थ्यांनो, तुम्ही लेखी मागणी करा. पाच मुलांनी सही केलेला अर्ज प्राचार्यांकडे गेला की वेळापत्रक हलतं, हे मी पाहिलं आहे. शिवाय स्वयम या सरकारी मंचावर चांगले अभ्यासक्रम मोफत आहेत. नियमाने एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, परीक्षेची फी तेवढी वेगळी. त्याआधी महाविद्यालयाची मान्यता लेखी घ्या.

मी दिवसा काम करतो. या विषयांना वेळ कुठून आणू?

सीसी आणि फील्डवर्कचा प्रकल्प तुमच्या कामाच्या ठिकाणाशी जोडून मागा. सराफाच्या दुकानात, मेडिकलमध्ये, मार्केट यार्डात काम करणारा मुलगा तिथलीच नोंद घेऊन उत्तम अहवाल लिहू शकतो. बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात.

आम्ही शिकलेलो नाही. मुलीला यात मदत कशी करायची?

एका विद्यार्थिनीचं काम सांगतो. व्हीईसीत घटनेचं कलम ४३ आलं, कामगाराला निर्वाहापुरतं वेतन मिळावं म्हणून राज्याने प्रयत्न करावा असं सांगणारं. ती घरी गेली आणि विडी वळणाऱ्या आईला म्हणाली, तुझं लॉगबुक दाखव. पत्र्याच्या डब्यातून ते निघालं, तंबाखूचा वास असलेलं, कडा मऊ पडलेलं. तिने तारखा, विड्यांचा आकडा, मजुरी आणि कापून घेतलेल्या विड्या अशी एक सारणी केली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कायद्याने कामगार मानलं ते १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने, हे तिने शोधलं आणि आईला वाचून दाखवलं. आईने विचारलं, मग माझा पीएफ कुठं दिसतो? दोघी मिळून त्याच्या मागे लागल्या. वर्गात तिने तो अहवाल वाचला तेव्हा बेंचवर चुळबुळ नव्हती.

आईला मुलीची मदत झाली आणि मुलीच्या अहवालाचा अर्धा भाग आईकडून आला. तुमच्याकडेही असंच काहीतरी आहे: मागाची, शेताची, भाजीच्या गाड्याची, वारीची माहिती. रात्री जेवताना ‘आज काय शिकलीस?’ विचारा आणि ती सांगेल ते पूर्ण ऐका. समजलं नाही तर पुन्हा विचारा. तिला समजावून सांगावं लागेल, तोच तिचा अभ्यास.

ओईत नापास झालो तर वर्ष जातं का?

सहसा नाही, पण क्रेडिट बाकी राहतात आणि ते भरल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही. तिसऱ्या वर्षाला पहिल्या सेमिस्टरचा ओई देत बसण्यापेक्षा लगेचच्या परीक्षेत सोडवा. एटीकेटीचे नेमके नियम परीक्षा विभागात विचारा.

मध्येच शिक्षण सुटलं किंवा पुण्याला बदली झाली, तर हे क्रेडिट वाया जातात का?

जात नाहीत. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. डिजिलॉकरमधून खातं उघडा, महाविद्यालयाला तो क्रमांक द्या आणि दर सेमिस्टरनंतर क्रेडिट जमा झालेत का ते स्वतः तपासा. ते साधारणपणे सात वर्षं ग्राह्य धरतात. लग्न, बाळंतपण, वडिलांचं आजारपण अशा कारणांनी थांबलेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतो: पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन थांबता येतं, त्यासाठी कौशल्याचे जादा क्रेडिट करावे लागतात, आणि पुन्हा परत येता येतं. खात्यात नाव आधारप्रमाणेच आहे ना, तेवढं पहिल्याच दिवशी पाहून घ्या. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पुढे कार्यालयात बरेच हेलपाटे पडतात.